लिडाचा तिसरा भाग

१

सकाळी उठलं की म्हातारा आयरा कॉम्ब्ज आधी शेगडीत कोळसा घाली, मग कॉफी चढवी, मग बायकोला, ओमाला, कूस बदलून देई. फेब्रुवारीत तिला अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून हा क्रम मोडला नव्हता. तिचं उजवं अंग पार गेलं होतं आणि वाचाही गेली होती. डावा हात तेवढा हलत होता, तोही जेमतेम. मक्याचा पाव ताकात कुस्करून तो चमच्याने तिच्या तोंडाशी नेई, आणि ओमा तो घास ओठांच्या कडेने तसाच बाहेर सोडी. खाणीच्या गावातला डॉक्टर येऊन पाहून गेला. गिळत नसेल तर काही खरं नाही, म्हणाला, आता सगळं देवाच्या हातात. स्वतःचे हात टेकले की देवाचे हात पुढे करणाऱ्या माणसांचा आयराला पहिल्यापासून राग होता.

जेवण झालं की, म्हणजे न झालं की, तो भिंतीवरचं फिडल, म्हणजे व्हायोलिनच, काढून तिच्या उशाशी स्टुलावर बसे.

त्या घरात फिडल हे एकट्याचं वाद्य कधीच नव्हतं. आयरा ते छातीशी धरून गज ओढी, आणि ओमा त्याच्या डाव्या बाजूला उभी राहून उजव्या हातात धरलेल्या विणायच्या दोन सुया तारांवर नाचवी. त्या डोंगरातली ही जुनी रीत, काड्या मारणं म्हणतात तिला. कुणी झाडूच्या काड्या घेतात, कुणी वेताच्या. ओमाला तिच्या लोकरीच्या सुयाच लागत. तिचा बाप कडक धर्माचा, फिडलला सैतानाची पेटी म्हणायचा, आणि त्याच्याच मुलीने त्या पेटीवर ताल धरून त्यांच्या घळीतल्या, म्हणजे दोन डोंगरांमधल्या वस्तीतल्या, सगळ्या पोरांना उशिरापर्यंत नाचवलं. चाळीस वर्षं झाली त्याला. तिच्या काड्या नसल्या की आयराला आपलंच वाजवणं लंगडं वाटे.

आता तो लंगडंच वाजवत होता. भजनं वाजवून झाली, पोरीबाळींची गाणी झाली, लग्नात वाजवलेली सगळी नाचाची गाणी झाली. ओमा छताकडे बघत पडून असे. अंगावरची गोधडी दिवसेंदिवस सपाट होत चालली होती.

२

राहिली होती एकच चाल.

‘फाटकाशी लिडा’ ही त्या घळीची चाल. ती आली कुठून, याची दहा घरांत दहा उत्तरं मिळत. कुणी म्हणे जहाजातून आली, कुणी म्हणे गुलामगिरीवरून झालेल्या लढाईतून परत आलेल्या एका शिपायाने आणली. आणि बहुतेक घरं सांगत की आमच्याच आजोबांनी बांधली, बाकीच्यांनी ढापली. वाजवायचीही प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. पण एक गोष्ट सगळ्यांकडे सारखी होती. आधी बारीक भाग, वरच्या तारांवरचा. मग जाड भाग, खालच्या तारांवरचा. त्या जाड भागाच्या शेवटी एक ठोका गाळायचा आणि तसंच पुढे जायचं. बाहेरगावचा गिटारवाला तिथे हमखास तोंडावर पडे आणि घळीतले लोक पोट धरून हसत.

तिसराही भाग होता. आयराच्या बापाने तो त्याला शिकवला होता, मक्याच्या कोठीत, दार लावून. खालची तार आणखी उतरवून घ्यायची, इतकी की ती लोंबल्यासारखी होते, आणि मग वाजवायचं. शिकवून झाल्यावर बाप म्हणाला होता, “आता हा वाजवायचा नाही.”

“मग शिकवलात कशाला?” आयराने विचारलं होतं.

“ठाऊक नसला तर हात कधीतरी आपणहून तिकडे जाईल. ठाऊक असला म्हणजे टाळता येतो.”

आयराने चाळीस वर्षं तो टाळला होता. त्या दिवशी दुपारी त्याने पहिले दोन भाग वाजवले, ओमाच्या तोंडाकडे पाहिलं, खुंटीवर हात ठेवला आणि तार उतरवली. नंतर तो स्वतःला सांगत राहिला की हात चुकला. पण चुकलेला हात खुंटी पिळत बसत नाही, हे त्यालाही कळत होतं.

तिसरा भाग एकदा वाजवून झाला. दुसऱ्यांदा वाजवताना त्याला घोट घेतल्याचा आवाज आला. सकाळपासून ओमाच्या गालात पडून राहिलेला घास खाली गेला होता.

आयराने फिडल खाली ठेवलं आणि चमचा उचलला. तिने तोंड उघडलं. त्या दुपारी अर्धी वाटी ताकपाव गेला. म्हातारा स्वयंपाकघरात जाऊन बादलीवर बसला आणि लहान मुलासारखा रडला.

३

डेल्फी ही शेजारची विधवा, दिवसाआड येऊन ओमाचे कपडे धुवायची. तिने पाहिलं आणि जाहीर केलं की हा प्रार्थनेचा गुण. आयराने मान डोलावली. तिसऱ्या भागाचं तो तिला काही बोलला नाही. मिळालंय ते कशामुळे मिळालंय हे विचारत बसायची त्याची इच्छा नव्हती, आणि ऐपतही नव्हती.

आठवडाभरात ओमाच्या गालावर रंग आला. मग बोट हललं. गोधडीवर तर्जनी उठली आणि पडली, पुन्हा उठली आणि पडली, तालात. ती काड्या मारत होती. आयरा वाजवता वाजवता हसला आणि म्हणाला, “आलीस का गं परत?”

बोट उजव्या हाताचं होतं. हे त्याच्या ध्यानात आलं तेव्हा तो शेगडी साफ करत होता. मेलेला हात आधी जागा झाला होता. त्याने डोकं खाजवलं. आजार आहे, कुठून उतरेल ते कुणी सांगावं. जुनी खोड हाडात मुरलेली असते, आणि ओमा काड्या उजव्याच हाताने मारायची. यात न पटण्यासारखं काय होतं? त्याने राखेची बादली बाहेर नेऊन ओतली.

तिच्या उजव्या मनगटावर ओरखडे दिसू लागले ते त्याच सुमारास. आधी लाल रेघा होत्या, मग एके सकाळी रक्त सुकलेलं दिसलं. डेल्फीने बघितलं आणि म्हणाली, “डाव्या हाताची नखं बघा आयराभाऊ, केवढी वाढलीत. बिचारी झोपेत खाजवत असणार.”

आयराने खिडकीशी बसून ओमाची नखं कापली. डावा हात त्याने आपल्या मांडीवर घेतला आणि एकेक नख मुळापर्यंत, नीट, कानस लावून गुळगुळीत केलं. कापताना ओमा त्याच्याकडे टक लावून बघत होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आजारी माणसाच्या डोळ्यांतून येतं तसं, असं त्याला वाटलं. त्याने ते पदराने, म्हणजे तिच्याच एप्रनच्या टोकाने टिपलं.

४

ठोक्याची गोष्ट त्याच्या उशिरा लक्षात आली, आणि ज्याचा सगळा जन्म ठोक्यांवर गेला त्याच्या ती उशिरा लक्षात यावी याची त्याला लाज वाटली.

जाड भागाच्या शेवटी ठोका गाळायचा. ओमा तिथे चाळीस वर्षं सुया वर धरून थांबत आली होती. ती ज्या तऱ्हेने थांबे, खांदे किंचित उचलून, तेच बघायला लोक पुढे येऊन बसत. आता आयरा त्या जागी आला, त्याने गज उचलला, आणि त्या मोकळ्या जागेत गोधडीवर बोट पडलं. टप.

तो थांबला. पुन्हा वाजवलं. टप.

आपलंच चुकत असेल म्हणून त्याने पायाने ताल धरला आणि मोठ्याने मोजत वाजवलं. मोजणं बरोबर होतं. तो ज्या ठिकाणी काहीच वाजवत नव्हता, तिथे ती वाजवत होती. आणि चुकून नाही, ठाम. ती जागा तिचीच असल्यासारखी. ओमाच्या काड्या हलक्या होत्या, पावसाच्या पहिल्या थेंबांसारख्या. हा ठोका जड होता, आणि त्यात जोर राखून ठेवल्याचा भाव होता.

“ओमा,” तो म्हणाला, “तिथे थांबायचं असतं.”

तिचा डावा हात गोधडीची किनार मुठीत धरून होता. उजवा हात शांत पडला होता. मग आयरा वाजवत नसतानाच त्या हाताने एक ठोका दिला.

त्या दिवशी त्याने फिडल लवकर टांगलं. पण दुपारी तो स्वयंपाकघरात शेंगा निवडत असताना खोलीतून आवाज येऊ लागला, पलंगाच्या लाकडावर, टपटप, मग मोकळी जागा, आणि त्या जागेत टप. तो दारापर्यंत गेला तेव्हा आवाज बंद झाला. ओमाने डाव्या हाताने उजवं मनगट धरलं होतं. लुळा हात चोळतेय बिचारी, असं तो मनात म्हणाला, आणि शेंगांकडे परतला.

५

डोंगरापलीकडे त्याची आर्टी आत्या राहायची. बापाची सगळ्यात धाकटी बहीण, आता नव्वदीला टेकलेली, तोंडात तपकीर आणि जिभेवर काटे. डेल्फीला ओमापाशी बसवून आयरा कोळशाच्या ट्रकमधून तिकडे गेला. मनाशी त्याने ठरवलं होतं की सहज गेलोय असं दाखवायचं.

आत्याने त्याला खायला दिलं, त्याच्या बुटांना नावं ठेवली, त्याच्या मेलेल्या बापाला नावं ठेवली. मग म्हणाली, “फिडल घेऊन माझी तब्येत विचारायला आलास होय? वाजव.”

त्याने पहिले दोन भाग वाजवले. गाळलेल्या ठोक्यापाशी आत्याने काठी जमिनीवर आपटली. टप. आयराचा गज थांबला.

“तुम्ही तिथे मारता?” त्याने विचारलं.

“आमच्याकडे मारतातच. तुमच्या घळीतले मारत नाहीत. तुमच्याकडे ती फाटकाशी आहे ना अजून.”

“कोण?”

“चालीचं नाव काय तुमच्याकडे?”

“फाटकाशी लिडा.”

“आमच्याकडे ‘पायरीवर लिडा’ म्हणतात.” आत्याने तपकीर डब्यात थुंकली. “माझ्या लहानपणी इथेही फाटकाशीच म्हणायचे. मग एका घरात कुणीतरी तिसरा भाग वाजवला. त्याचं पोर आजारी होतं. तेव्हापासून लिडा पायरीवर.”

आयराने विचारलं की पुढे काय झालं. ते घर आता नाही, एवढंच आत्या म्हणाली. त्याने सांगितलं की ओमा डोंगराच्या या बाजूला कधी आलेलीच नाही, तिने हा ठोका कधी ऐकलेलाही नाही. सांगता सांगता सगळंच सांगून झालं, तार उतरवल्यापासून नखांपर्यंत. आत्या ऐकत होती आणि तिचं तोंड बारीक होत चाललं होतं.

“रोज वाजवतोस?”

“रोज.”

“आणि ती जेवते.”

“वाटीभर जेवते आत्या. अंग धरलंय तिने.”

“जेवतंय कोण, ते बघितलंस का पोरा?”

आयरा उठला. नव्वद वर्षांच्या बाईवर त्याने आवाज चढवला. डॉक्टर म्हणतो देव, डेल्फी म्हणते प्रार्थना, तुम्ही म्हणता आणखी काहीतरी, माझी बायको माझ्यासमोर खातेय आणि कुणालाच ते बघवत नाही. तो दारात पोचल्यावर आत्या म्हणाली, “फिडल इथे ठेवून जा. ओमा आठवड्यात जाईल. पण ओमा म्हणून जाईल.”

तो फिडल घेऊन निघाला.

६

घरी डेल्फी डोळे पुसत दारात उभी होती. दिवसभर ओमाने पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. “पण अशी शांत मी तिला कधी पाहिली नाही भाऊ. माझा हात धरून पडली होती. मी बिस्किटं जाळली त्याची गोष्ट सांगितली, तर हसली. अर्ध्या तोंडाने, पण हसली.”

आयरा तिच्यापाशी बसला. डाव्या हाताने तिने त्याचा अंगठा धरला, लग्नाच्या आदल्या वर्षी चर्चच्या बाकाखाली धरायची तसा. उजवा हात बाजूला पडला होता, लुळा आणि थंड. ते डोळे ओमाचे होते. इतक्या दिवसांत ते आपण नीट पाहिलेच नव्हते, हे त्याला कळलं. त्याने फिडल भिंतीवर टांगलं आणि गज माळ्यावर टाकला.

मग तो बघत राहिला. पाणी चमच्याने घातलं की ते गळ्यावरून उशीत जाई. साखरेच्या पाण्यात बुडवलेलं फडकं ओठांवर धरलं तर ती मान वळवी. गालांवरचा रंग गेला, डोळ्यांखाली खड्डे पडले. श्वास घेताना घशात घरघर होऊ लागली. आयराने खाणीत दरडीखाली गाडलेली माणसं पाहिली होती, त्यांना उकरून काढायला हात तरी चालवता येत होते. इथे हाताशी उपाय होता आणि हात बांधून बसायचं होतं. ओमा मात्र त्याचा अंगठा सोडत नव्हती, आणि तिच्या तोंडावर कसलीही तक्रार नव्हती.

त्याने तिला विचारलं, “मी एकटा काय करू गं?”

तिने अंगठा दाबला. तेवढंच तिला करता येत होतं. ते पुरेसं असायला हवं होतं.

७

रविवारी सकाळी लोक चर्चमध्ये होते. घळीत ऊन पडलं होतं. ओमाचा श्वास मध्येच थांबला, आयराने तिला हलवलं, आणि तो पुन्हा सुरू झाला. दुसऱ्यांदा थांबला तेव्हा आयरा माळ्यावर चढला.

गज घेऊन तो स्टुलावर बसला. त्याने तार उतरवली. ओमाने डोळे उघडले, फिडल पाहिलं, आणि नको म्हणून मान हलवली. या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत, सावकाश, कितीतरी वेळ. झटक्यानंतर तिने इतकी हालचाल कधी केली नव्हती.

“एकदाच,” आयरा म्हणाला. “एकच घास जाऊ दे पोटात. मग नाही वाजवणार.”

त्याने तिसरा भाग धरला. उजवा हात लगेच उठला. या वेळी नुसतं बोट नाही, अख्खा हात, मनगटातून. आणि डावा हात गोधडीवरून सरपटत आला, त्याने ते मनगट पकडलं आणि खाली दाबलं. बोटं नखं रुतवायला बघत होती, पण रुतायला नखंच नव्हती. कापलेली, कानस लावलेली, गुळगुळीत बोटं पुन्हा पुन्हा घसरत होती. उजवा हात सुटे, ठोका देई, डावा पुन्हा धरी आणि पुन्हा घसरे.

आयराला सगळं कळलं. खिडकीशी बसून आपण काय कापलं होतं ते कळलं, आणि ती तेव्हा का रडत होती तेही. गज मात्र थांबला नाही.

डावा हात मनगट सोडून आयराकडे आला. त्याने गजाचे केस पकडले. सूर करकरून बंद पडला. खोलीत फक्त दोघांचा श्वास होता, त्याचा आणि तिचा घरघरता. ती त्याच्याकडे बघत होती. त्या नजरेला चाळीस वर्षांत त्याने नाही म्हटलं नव्हतं.

“मला नाही जमत ओमा,” तो म्हणाला.

त्याने तिची बोटं एकेक करून केसांवरून सोडवली. हाताचं चुंबन घेतलं. मग तो हात गोधडीखाली घातला, तिच्याच एप्रनचा बंद काढला आणि पलंगाच्या पट्टीशी सैलसा बांधला. दुखू नये म्हणून गाठीखाली रुमाल ठेवला.

उजवा तळहात उताणा झाला होता आणि त्याच्यापुढे पसरला होता. तो काय मागतो आहे ते आयराला विचारावं लागलं नाही. खिडकीतल्या टोपलीतून त्याने सुया काढल्या आणि त्या हातावर ठेवल्या. बोटं मिटली. त्याने स्टूल पुढे सरकवलं, तारा तिच्या हाताशी येतील इतकं, डोळे मिटले आणि वाजवू लागला.

सुया तारांवर पडल्या. बारीक भाग गेला, जाड भाग गेला. गाळायच्या जागी तो आला, गज उचलला, आणि त्या जागेत ठोका पडला. चाल आयुष्यात पहिल्यांदा पुरी झाल्यासारखी वाटली. इतका चांगला सूर त्याच्या हातून कधी लागला नव्हता. समोर घरघर थांबली होती, श्वास खोल आणि दमदार चालला होता, आणि घोटामागून घोट गिळल्याचा आवाज येत होता, घास नसतानाही.

गोधडीखाली डावा हात धडपडत होता. मग तो थांबला. झोप लागली असेल तिला, असं आयराने स्वतःला सांगितलं, आणि डोळे न उघडता चाल पुन्हा पहिल्यापासून धरली.